मुंबई बेटाची रस्तेआखणी: उभे मार्ग, अडलेले आडवे पूल

कुलाब्यापासून माहीम आणि सायनपर्यंतचे मूळ मुंबई बेट, म्हणजे आजचा मुंबई शहर जिल्हा, जेमतेम ६८ चौरस किलोमीटरचे आहे. २००१ च्या जनगणनेत येथे सुमारे ३३ लाख ३८ हजार लोक राहत होते आणि २०११ मध्ये ही संख्या सुमारे ३० लाख ८५ हजारांवर आली, म्हणजे दहा वर्षांत अडीच लाखांनी घटली. याच काळात बेटावरील वाहनांची गर्दी मात्र वाढत गेली, कारण येथे राहणारे कमी झाले तरी कचेऱ्या, न्यायालये, रुग्णालये, मंत्रालय आणि बरेच घाऊक बाजार येथेच राहिले आणि त्यांच्यासाठी रोज उत्तरेकडून येणारे लोक वाढले. एवढ्याशा बेटावर वाहतूक सुरळीत करण्यासाठी गेल्या साठ वर्षांत जी फेरआखणी झाली, तिचा हा अभ्यास आहे. उपनगरांतील रस्ते, मेट्रोचे जाळे आणि उपनगरी रेल्वे यांचा उल्लेख येथे बेटावरील रस्त्यांशी संबंध येईल तेवढाच केला आहे.

या साठ वर्षांतील जवळजवळ प्रत्येक मोठा प्रकल्प बेटाच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे उत्तर–दक्षिण काढला गेला. बेटाची रुंदी ओलांडणारे रस्ते, आणि विशेषतः लोहमार्गांवरून जाणारे जुने पूल, या आखणीच्या केंद्रस्थानी कधी आले नाहीत. ते आखणीतून केवळ राहून गेले असे म्हणणे पुरेसे नाही. नवे वेगवान रस्ते जेथे उतरतात तेथे जी कोंडी होते, तिचे एक प्रमुख कारण या आडव्या रस्त्यांची दुर्बलता हेच आहे, असे प्रस्तुत अभ्यासाचे प्रतिपादन आहे.

बेटाची घडण

सात बेटे जोडून मुंबई झाली हे सर्वपरिचित आहे, परंतु जोडण्याचा क्रम रस्त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधली खाडी हॉर्नबी वेलार्ड या बांधाने १७८४ च्या सुमारास बंद केली. मुंबई आणि उत्तरेकडचे साष्टी बेट यांना जोडणारा सायनचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला, कुलाब्याचा बांधरस्ता १८३८ मध्ये आणि माहीमचा १८४५ मध्ये. माहीमच्या बांधासाठी लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि त्यावर टोल घेऊ नये अशी अट घातली. शेजारून जाणाऱ्या सागरी सेतूवर आज टोल घेतला जातो, हे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे.

बेटाला जमिनीकडून दोनच तोंडे मिळाली, वायव्येला माहीम आणि ईशान्येला सायन, त्यामुळे मुख्य रस्ते या दोन तोंडांकडे धावणारे झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढच्या दशकात पश्चिम किनाऱ्यालगत दुसरा लोहमार्ग आला. नंतर बंदराकडच्या बाजूने हार्बर मार्ग आला. लोहमार्गही अर्थातच लांबीच्या दिशेने गेले, आणि त्यांनी बेटाचे उभे पट्टे पाडले: समुद्र आणि पश्चिम रेल्वे यांच्यामधला, पश्चिम आणि मध्य रेल्वे यांच्यामधला, आणि मध्य रेल्वे व गोदी यांच्यामधला. एका पट्ट्यातून दुसऱ्यात वाहन नेण्यासाठी पूल लागतो. मरीन लाइन्सपासून उत्तरेकडे निघाले तर फ्रेंच, केनेडी, फ्रेअर, बेलासिस, महालक्ष्मी, लोअर परळचा डिलाइल आणि प्रभादेवीचा एल्फिन्स्टन असे पश्चिम रेल्वेवरचे पूल लागतात. मध्य रेल्वेवर कर्नाक, हँकॉक, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड अशी दुसरी माळ आहे. दादरकडे जाताना दोन्ही लोहमार्ग एकमेकांच्या जवळ येतात, म्हणून प्रभादेवी–परळ येथील एल्फिन्स्टन पूल आणि दादरचा टिळक पूल हे दोघेच एका झेपेत दोन्ही लोहमार्ग पार करतात. दक्षिणेकडे मात्र पूर्वेहून पश्चिमेला जाणाऱ्याला दोन वेगवेगळे पूल आणि त्यांच्यामधला एक गजबजलेला पट्टा ओलांडावा लागतो. यातील बहुतेक पूल १८६० ते १९२५ या काळात बांधलेले होते, घोडागाड्या, बैलगाड्या आणि ट्राम यांच्या हिशोबाने.

साथीनंतरचे दोन रस्ते

आडव्या दिशेचा जाणीवपूर्वक विचार एकदाच झाला, आणि तोही वाहतुकीसाठी झाला नाही. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली. दाट वस्तीत हवा खेळत नाही म्हणून रोग पसरतो, अशी तेव्हाची समजूत होती. त्यानंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने पश्चिमेचा समुद्रवारा वस्तीत शिरावा म्हणून दाट मोहल्ल्यांतून दोन रुंद रस्ते पूर्व–पश्चिम काढले. एक प्रिन्सेस स्ट्रीट, आताचा शामळदास गांधी मार्ग, आणि दुसरा सँडहर्स्ट रोड, आताचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. मोहम्मद अली रोडसारखा उभा रस्ताही ट्रस्टचाच, आणि दादर–माटुंगा–सायनची आखीव वस्तीही त्याचीच; पण वरील दोन रस्त्यांचे महत्त्व वेगळे आहे. प्रिन्सेस स्ट्रीट, पुढे लोकमान्य टिळक मार्ग, कर्नाक पूल आणि मग पी. डिमेलो मार्ग अशी मरीन लाइन्सपासून गोदीपर्यंतची सलग रेषा दक्षिण मुंबईला त्यातूनच मिळाली. रोगाची मीमांसा चुकीची निघाली, उंदीर आणि पिसवा हे खरे वाहक ठरले, तरी रस्ते उपयोगी पडले. शंभर वर्षांनंतरही दक्षिण बेटावर त्यांना समांतर असा नवा रुंद आडवा रस्ता झालेला नाही.

विल्बर स्मिथ ते किनारी रस्ता

१९६० च्या दशकाच्या आरंभी विल्बर स्मिथ आणि असोसिएट्स या अमेरिकी सल्लागार संस्थेने मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास केला आणि पश्चिम किनाऱ्यालगत विनाअडथळा द्रुतमार्ग सुचवला. अमेरिकेत त्या काळात शहराच्या मध्यभागी द्रुतमार्ग आणून सोडण्याची जी पद्धत रूढ होती, तिचाच हा अवतार होता. त्याच काळात, मार्च १९६४ अखेर, मुंबईची ट्राम बंद झाली आणि १९६५ मध्ये केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल खुला झाला. रस्त्यावरून सर्वांना जाता यावे याऐवजी मोटारीला थांबावे लागू नये, हे उद्दिष्ट त्या दशकात ठरले, आणि ते पुढे कोणी बदलले नाही.

१९९५ नंतर राज्याचे सार्वजनिक बांधकाम मंत्री नितीन गडकरी यांच्या कारकिर्दीत महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची स्थापना झाली आणि मुंबईत पन्नासच्या आसपास उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्यातील बरेच उपनगरांत झाले. बेटावरील सर्वांत ठळक म्हणजे क्रॉफर्ड मार्केटकडून जे. जे. रुग्णालयापर्यंत जाणारा सुमारे अडीच किलोमीटरचा पूल, जो २००२ मध्ये खुला झाला. मोहम्मद अली रोडवरची गर्दी खाली ठेवून तिच्या डोक्यावरून जाणारा हा मार्ग आहे. पेडर रोडवरही असाच पूल बांधायचा होता. रहिवाशांच्या विरोधामुळे, ज्यांत लता मंगेशकर यांचाही समावेश होता, तो कधी झाला नाही. त्या विरोधाची त्या काळी बरीच थट्टा झाली. वाहतुकीच्या दृष्टीने पाहिले तर त्या पुलाने हाजी अलीची रांग केम्प्स कॉर्नरला नेऊन ठेवली असती, यापलीकडे फारसा फरक पडला नसता.

पश्चिमेला वांद्रे–वरळी सागरी सेतू ३० जून २००९ रोजी चार मार्गिकांसह आणि मार्च २०१० मध्ये आठ मार्गिकांसह खुला झाला. पूर्वेला मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने बांधलेला सुमारे १७ किलोमीटरचा पूर्व मुक्तमार्ग जून २०१३ पासून टप्प्याटप्प्याने वाहनांना मिळाला. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावाशेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू उद्घाटित झाला आणि बेटाला पूर्वेकडून नवे तोंड फुटले. १० किलोमीटर ५८० मीटर लांबीच्या किनारी रस्त्याचे काम २०१८ च्या अखेरीस सुरू झाले. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची किनारपट्टी नियमनाखालील परवानगी रद्द केली आणि डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम पुन्हा सुरू करू दिले. प्रियदर्शिनी पार्क ते गिरगाव चौपाटी या दरम्यान दोन किलोमीटरहून थोडे अधिक लांबीचे जुळे बोगदे ‘मावळा’ नावाच्या यंत्राने खोदले. वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांनी आपल्या होड्यांच्या वाटेसाठी लढा दिला, त्यामुळे दोन खांबांमधले अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करावे लागले. रस्ता मार्च २०२४ पासून एकेक भाग करून खुला होत जानेवारी २०२५ मध्ये सागरी सेतूशी पूर्ण जोडला गेला. खर्च सुमारे १४ हजार कोटी रुपये.

या सर्व प्रकल्पांनी जे आश्वासन दिले ते आपापल्या लांबीपुरते पाळले आहे, हे मान्य केले पाहिजे. वरळीहून मरीन ड्राइव्हला काही मिनिटांत जाता येते, आणि पेडर रोड व ॲनी बेझंट रोड यांवरचा ताण हलका झाला आहे. पुढील प्रश्न या लांबीच्या दोन टोकांचा आहे.

उतरण्याच्या जागेचे गणित

वाहतूक अभियांत्रिकीत ढोबळ हिशोब असा धरतात. विनाअडथळा रस्त्याच्या एका मार्गिकेतून तासाला सुमारे १८०० ते २००० मोटारी जाऊ शकतात. सिग्नलच्या चौकात हिरवा दिवा असताना जवळपास तोच वेग मिळतो, पण हिरवा दिवा अर्धाच वेळ असतो, म्हणून चौकातील एका मार्गिकेची क्षमता तासाला ९०० ते १००० एवढीच उरते. वाटेत बस थांबत असेल, हातगाडी उभी असेल किंवा दुहेरी पार्किंग असेल तर त्याहूनही कमी. तीन मार्गिकांचा द्रुतमार्ग भरून वाहू लागला की त्याच्या टोकाशी तासाला साडेपाच ते सहा हजार मोटारी येतात. त्या रिचवायला सिग्नलच्या रस्त्याच्या सहा मार्गिका एका दिशेने हव्यात, आणि बेटावर अशी जागा कोठेही नाही. म्हणून रांग उतारावर लागते आणि मागे सरकत पुलावर चढते.

दक्षिण टोकाला पूर्व मुक्तमार्ग ऑरेंज गेटजवळ पी. डिमेलो मार्गावर उतरतो तेथे हे दरदिवशी दिसते. चेंबूरहून एकही सिग्नल न लागता आलेली मोटार येथे थांबते, कारण पुढे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, फोर्ट आणि कुलाब्याकडचे जुने चौक आहेत. या कोंडीवर उपाय म्हणून ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह असा भूमिगत मार्ग हाती घेण्यात आला आहे. दक्षिण बेटावर रुंदीच्या दिशेने काढलेला हा शंभर वर्षांतला पहिलाच मोठा मार्ग, म्हणून त्याचे स्वागत केले पाहिजे. परंतु तो वाटेतल्या कोणत्याही वस्तीला, बाजाराला वा स्थानकाला स्पर्श न करता एका द्रुतमार्गाची वाहने दुसऱ्या द्रुतमार्गावर नेऊन सोडणार आहे. मस्जिद बंदरच्या व्यापाऱ्याचा टेम्पो काळबादेवीला जाण्यासाठी त्याचा उपयोग करू शकणार नाही.

किनारी रस्त्याची आखणी या बाबतीत मुक्तमार्गापेक्षा शहाणी आहे. त्याला वरळी, हाजी अली आणि ब्रीच कँडीच्या अमरसन्स उद्यानापाशी चढ-उताराच्या वाटा आहेत, त्यामुळे सगळी वाहने एकाच टोकाला ओतली जात नाहीत. पण हाजी अलीला उतरलेल्या मोटारीला ताडदेव, महालक्ष्मी, सात रस्ता किंवा भायखळा गाठायचे असेल तर पहिला लोहमार्ग लगेच आडवा येतो. आठ मार्गिकांचा रस्ता सोडून ती ब्रिटिश काळातल्या अरुंद पुलावर येते, आणि किनारी रस्त्यावर खर्चलेल्या पैशाचे चीज त्या पुलाच्या क्षमतेवर अवलंबून राहते.

मूळ योजनेत किनारी रस्त्यावर बससाठी राखीव मार्गिका होती. रस्ता खुला झाला तेव्हा त्यावर बेस्टची तुरळक वातानुकूलित सेवा धावू लागली. राखीव मार्गिकेची गोष्ट मागे पडली. २०१० च्या सुमारास साडेचार हजारांच्या आसपास असलेला बेस्टचा ताफा तीन हजारांखाली आला आहे. महानगर प्रदेशाच्या २००८ च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होत असल्याचे आणि मोटारीचा वाटा अगदी लहान असल्याचे दिसले होते. ज्या अल्पसंख्येसाठी चौदा हजार कोटी खर्च झाले तिचा प्रवास सुखाचा झाला, यात गैर काही नाही. परंतु याला बेटाच्या वाहतुकीची फेरआखणी म्हणावे का, हा प्रश्न उरतो.

पुलांची दशा

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड, आताच्या प्रभादेवी, स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. गिरण्यांच्या काळात त्या परिसरात पाळीपाळीने कामगार येत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओस पडल्या, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणि तिच्यातील २००१ च्या बदलाने त्यांच्या जमिनी विकासाला खुल्या केल्या, आणि लोअर परळ ते प्रभादेवीच्या पट्ट्यात उंच कार्यालये उभी राहिली. हजारो नोकरदार दोन्ही रेल्वेंच्या स्थानकांवर उतरून एकाच वेळी पूर्वेकडून पश्चिमेकडे चालू लागले, पण रुंदीच्या दिशेची वाट गिरणीकाळाचीच राहिली. दुर्घटनेनंतर लष्कराच्या अभियंत्यांनी तेथे नवा पादचारी पूल बांधला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. तातडी वाटली तर लोहमार्गावर पूल पाच महिन्यांत होतो, एवढे त्यातून कळले.

वाहनांच्या पुलांना ही तातडी लाभली नाही. हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला, नवा पूल ऑगस्ट २०२२ मध्ये खुला झाला. जुलै २०१८ च्या आरंभी अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग कोसळल्यावर जुन्या पुलांची तपासणी झाली आणि त्याच महिन्यात लोअर परळचा डिलाइल पूल धोकादायक ठरवून बंद करण्यात आला. तो २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने आणि नोव्हेंबरमध्ये पूर्णपणे खुला झाला. १८६८ मधला कर्नाक पूल ऑगस्ट २०२२ मध्ये बंद होऊन नोव्हेंबरात पाडला गेला आणि जुलै २०२५ मध्ये ‘सिंदूर पूल’ या नावाने परत मिळाला. मधली तीन वर्षे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची मरीन लाइन्स ते गोदी ही रेषा तुटलेली होती. १८९३ चा बेलासिस पूल जून २०२४ मध्ये, १९१२ चा सायनचा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये आणि १९१३ चा एल्फिन्स्टन पूल १२ सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाला.

डिलाइल पूल आणि किनारी रस्ता यांची कालगणना शेजारी ठेवण्याजोगी आहे. पूल बंद झाला त्याच वर्षअखेरीस किनारी रस्त्याचे काम सुरू झाले. समुद्रात भराव टाकून, जुळे बोगदे खोदून, न्यायालयाची स्थगिती सोसून त्या रस्त्याची पहिली बाजू मार्च २०२४ मध्ये सुरू झाली, आणि पूल त्याच्या जेमतेम चार महिने आधी.

या दिरंगाईला आळस एवढेच कारण नाही. पुलाचा लोहमार्गावरील भाग रेल्वे प्रशासनाचा असतो आणि दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते महानगरपालिकेचे, म्हणजे एका पुलाला दोन मालक, दोन निविदा आणि दोन अंदाजपत्रके. तुळया चढवायच्या तर उपनगरी गाड्या थांबवाव्या लागतात, आणि रेल्वे असा ब्लॉक रात्रीचे काही तास किंवा सुट्टीच्या दिवशीच देऊ शकते. त्यात उंचीचा प्रश्न येतो. उपनगरी मार्गांची वीजप्रणाली १५०० व्होल्ट डीसीवरून २५ हजार व्होल्ट एसीवर नेली गेली तेव्हा तारांसाठी अधिक मोकळी उंची हवी झाली, आणि नवा पूल जुन्यापेक्षा उंच बांधणे भाग पडले. पूल उंच झाला की त्याचे चढ लांबतात आणि चढांच्या दोन्ही बाजूंना शंभर वर्षांच्या चाळी, दुकाने आणि धर्मस्थळे अगदी लागून असतात. त्यांचे पुनर्वसन होईपर्यंत लोहमार्गावरचा सांगाडा तयार असूनही वाहन त्यावर चढू शकत नाही. हँकॉकच्या बाबतीत हीच अडचण झाली.

ही कारणे खरी आहेत, आणि म्हणूनच पूल एकामागून एक कोणत्या क्रमाने पाडायचे याचे वेळापत्रक सर्व यंत्रणांनी एकत्र बसून ठरवायला हवे होते. बेटाच्या रुंदीचे गणित साखळीचे आहे. पश्चिम रेल्वेवरचा एक पूल बंद झाला की त्याची वाहने उत्तर आणि दक्षिणेकडील शेजारच्या पुलांवर जातात, त्यासाठी लोहमार्गालगतच्या उभ्या रस्त्यांवरून अतिरिक्त अंतर कापतात, आणि सेनापती बापट मार्ग किंवा ना. म. जोशी मार्ग भरून टाकतात. आडवा पूल पडला की उभा रस्ता कोंडतो, हे प्रत्येक वेळी दिसले, तरी २०२४–२५ मध्ये बेलासिस, सायन आणि एल्फिन्स्टन हे पूल एकाच काळात बंद राहतील अशी पाळी येऊ दिली गेली. गिरणगावच्या भाषेत सांगायचे तर ताणा भक्कम आणि बाणा विरळ असे हे विणकाम आहे.

मागणी हलवण्याचे प्रयत्न

रस्ते वाढवण्याऐवजी गर्दीचे कारणच बेटाबाहेर न्यावे, हा विचार १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडला. शहर उत्तरेकडे लांबत राहिले तर दक्षिण टोकावरच्या कचेऱ्यांपर्यंतची रोजची ये-जा लांबतच जाईल, म्हणून वाढ खाडीपलीकडे पूर्वेला वळवावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. मार्च १९७० मध्ये सिडको हे शासकीय नगरविकास महामंडळ स्थापन झाले आणि नवी मुंबई झाली, पण मंत्रालय नरिमन पॉइंटलाच राहिले आणि शेजारी बॅकबेच्या भरावावर नव्या कचेऱ्या चढत गेल्या.

तरीही जेवढे हलले तेवढ्याचा परिणाम दिसला. १९८० च्या दशकापासून शेतमालाचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला गेले. १९८९ मध्ये न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले आणि कंटेनरची वाहतूक बेटावरच्या गोदीपासून दूर झाली. पी. डिमेलो मार्गाची आणि मस्जिद बंदरची आजची कोंडी पाहिली तर ते ट्रक येथेच राहिले असते तर काय झाले असते याची कल्पना येते. कोणत्याही उड्डाणपुलाइतकी किंवा त्याहून अधिक वाहतूक या दोन स्थलांतरांनी बेटावरून कमी केली असावी असे मला वाटते, आणि त्यांसाठी बेटावर एक मीटरही रस्ता बांधावा लागला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झालेली ३३.५ किलोमीटरची भूमिगत मेट्रो याच प्रकारातली आहे, जरी तिचीही दिशा उभीच आहे.

प्रभादेवीचा नवा पूल

शिवडी–वरळी जोडरस्ता हा सध्या चालू असलेला साडेचार किलोमीटरचा उन्नत मार्ग अटल सेतूला वरळीशी आणि पुढे सागरी सेतूशी जोडणार आहे, आणि तो एल्फिन्स्टन पुलाच्याच जागेवरून लोहमार्ग ओलांडतो. त्यासाठी जुना पूल पाडून तेथे दुमजली पूल योजला आहे: वरच्या मजल्यावर जोडरस्ता, खालच्या मजल्यावर परळ आणि प्रभादेवी यांच्यामधली स्थानिक वाहतूक. बेटावरच्या प्रकल्पांत द्रुतमार्गाची गरज आणि मोहल्ल्याची गरज एकाच आराखड्यात बसवण्याचा हा दुर्मीळ प्रयत्न आहे, आणि कागदावर तो योग्य दिसतो. वरच्या मजल्याला प्राधान्य मिळून खालच्या मजल्याचे पोहोचरस्ते रेंगाळू नयेत, एवढी अट मात्र येथे लिहून ठेवली पाहिजे, कारण अटल सेतूहून येणारा प्रवासी वर्षभर थांबू शकतो. परळच्या केईएम आणि टाटा रुग्णालयांत पश्चिमेकडून येणाऱ्या रुग्णवाहिकेला ती सवलत नाही.

पूल बंद झाल्यावर वाहतूक पोलिसांनी केलेली व्यवस्थाही अभ्यासण्यासारखी आहे. दादरकडची वाहने टिळक पुलावरून आणि परळकडची करी रोड व लोअर परळच्या पुलांवरून वळवण्यात आली. करी रोडचा पूल दोन्ही दिशांची वाढीव वाहने पेलण्याइतका रुंद नाही, म्हणून तो वेळेनुसार एकदिशा केला गेला: सकाळी सात ते दुपारी तीन भारतमाता चौकाकडून शिंगटे मास्तर चौकाकडे, दुपारी तीन ते रात्री अकरा उलट दिशेने, आणि उरलेल्या रात्री दुतर्फा. सकाळी कार्यालयांकडे आणि संध्याकाळी घरांकडे वाहणाऱ्या प्रवाहाचा हा साधा विचार आहे. त्याला भराव लागला नाही, बोगदा लागला नाही, फक्त फलक, लोखंडी अडथळे आणि चौकात उभे राहणारे पोलीस लागले. बेटावरच्या इतर अरुंद आडव्या रस्त्यांवर, निदान चिंचपोकळी आणि भायखळ्याच्या पुलांवर, अशी वेळेनुसार बदलणारी दिशा चालेल का, याची मोजणी एल्फिन्स्टन पूल बंद असतानाच व्हायला हवी, कारण वाहनांच्या वाटा आता बदललेल्या आहेत आणि दुमजली पूल खुला झाल्यावर त्या पुन्हा बदलतील.